बाराव्या मिनिटाच्या मुंग्या

क्रॉस ट्रेनरवर बरोब्बर बाराव्या मिनिटाला माझा उजवा पाय बेपत्ता होतो. दिसतो तिथेच, बुटात, पेडलवर, गोल गोल फिरतोय; पण आतून काही खबरबात नाही. आधी करंगळीच्या अलीकडच्या दोन बोटांत मुंग्या येतात, मग चवड्याखाली कुणीतरी दुमडलेला मोजा सरकवलाय असं वाटतं, आणि मग अख्खा चवडाच बधिर. खाली उतरून चार पावलं टाकली की दोन मिनिटांत सगळं पूर्ववत. पुन्हा चढलो की पुन्हा बारावं मिनिट. आमच्या धंद्यातल्या लोकांना कळेल, दर वेळी हमखास रिप्रोड्यूस होणारा बग मिळणं हे खरं तर नशीबच. पण तो स्वतःच्या पायात असला की तितकंसं नशीब वाटत नाही.

सोसायटीच्या जिममधल्या ट्रेनरने तिथल्या तिथे निदान केलं, "सर, तुमचं सर्क्युलेशन वीक आहे, पाणी वाढवा." टीममधला एक म्हणाला, वजन कमी कर. (अरे बाबा, त्यासाठीच तर चढतोय ना त्याच्यावर!) आणि आईने फोनवर एकच प्रश्न विचारला, "शुगर तपासलीस का रे?"

इथे मात्र माझी विकेट पडली. बाबांना मधुमेह होऊन सोळा वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी गणपतीत मखराचं सामान घेऊन ते घरी आले, चपला काढल्या, आणि स्वयंपाकघरापर्यंत लादीवर रक्ताचे ठसे उमटत गेले. एक थंबपिन चपलेच्या रबरातून आरपार जाऊन तळव्यात रुतली होती. कधीपासून, ते त्यांना सांगता येईना, कारण त्यांना लागलंच नव्हतं. ठसे आधी आईला दिसले. ती एवढीशी जखम भरायला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत डॉक्टरांनी दोनदा "बोट वाचवू शकू असं वाटतंय" असं म्हटलं. "वाचवू" हा शब्द बोटाच्या संदर्भात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तर असो. बग आला की आधी त्याची हिस्टरी बघायची, ही हापिसातली सवय. त्यामुळे गेले दोन विकांत मी जिमऐवजी बधिर पायांच्या इतिहासात घालवले. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात अर्थातच तुरुंगातून. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असेल, तेव्हा पटकन उरकतो. १८१८च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरने बरी सेंट एडमंड्सच्या तुरुंगातले रिकामटेकडे कैदी पाहिले आणि त्यांच्यासाठी एक पायचक्र काढलं. भलंमोठं आडवं पिंप, त्याला बाहेरून पायऱ्या, वर कैद्यांची रांग आणि धरायला दांडा. पाय उचलला नाही तर पायरी खाली निसटणार, म्हणून चढत राहायचं. त्यावर कधी धान्य दळलं जायचं, आणि पुष्कळदा काहीच नाही, नुसती हवा. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ते बसवलं आणि तिथून ते गाजलं. १८९५ साली सक्तमजुरी झालेल्या ऑस्कर वाइल्डनेही पेंटनव्हिलच्या तुरुंगात ते तुडवलं. १८९८च्या कायद्याने अखेर ही शिक्षा मोडीत निघाली. आज जिममध्ये जिन्याचं जे मशीन असतं ते जवळजवळ हेच, फक्त शिक्षेचे पैसे आपण भरतो.

पण माझ्या बगच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या चक्रावर प्रत्येक पायरीला पाऊल उचललं जायचं.

मधली बरीच वर्षं ट्रेडमिल दवाखान्यात गेली. सिएटलमधले हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी रुग्णाला पट्ट्यावर चालवत चालवत ईसीजी काढायची पद्धत बसवली. १९६३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली पायऱ्यापायऱ्यांची चाचणी अजून वापरात आहे. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये 'टीएमटी' करताना दर तीन मिनिटांनी पट्टा तिरका आणि जलद का होतो, याचं उत्तर ब्रूस. मग १९६८ साली केनेथ कूपर या अमेरिकन हवाई दलाच्या डॉक्टरचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. ते वाचून न्यू जर्सीतल्या विल्यम स्टॉब या मेकॅनिकल इंजिनिअरला वाटलं की घरात ठेवण्याइतकी स्वस्त ट्रेडमिल हवी. त्याने ती केली. तिथून पुढे ती आपल्या बेडरूममध्ये टॉवेल वाळत घालायचं साधन कशी झाली, ते सांगायला नको. :)

ट्रेडमिलवरही पाऊल दर वेळी सुटतं. चालताना एका पावलाच्या चक्रातला साधारण ६० टक्के वेळ ते जमिनीवर असतं आणि ४० टक्के हवेत. धावताना तर हवेतला वेळच जास्त. म्हणजे तळव्याला दर सेकंदाला एक छोटीशी सुट्टी मिळते. दाब पडला, सुटला. पडला, सुटला. लाखो वर्षं आपला पाय याच ठेक्यावर घडला.

आणि मग आला क्रॉस ट्रेनर, ज्याचं अमेरिकेतलं नाव एलिप्टिकल. याची गोष्ट अशी सांगतात की जनरल मोटर्समधला लॅरी मिलर नावाचा इंजिनिअर गाडी चालवत होता आणि त्याची मुलगी शेजारून पळत होती. त्याने तिचं चित्रण केलं, पाऊल हवेत कुठून कुठे जातं ते पाहिलं, आणि तो लांबट गोल गिरवणारं मशीन बनवलं. प्रिकॉर या कंपनीने १९९५ साली ते बाजारात आणलं. पळण्याची सगळी हालचाल आणि आदळणं शून्य! गुडघेदुखीवाल्यांना देव भेटल्यासारखं झालं. पाच-सात वर्षांत जगभरच्या जिममध्ये त्याच्या रांगा लागल्या.

आदळणं शून्य, कारण पाऊल पेडलवरून उठतच नाही. एक पाय खाली जाताना भार त्याच्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी. पण पूर्ण सुट्टी कुणालाच नाही. अर्धा तास, तळव्याचा तोच भाग, त्याच प्लास्टिकवर. त्यात पेडल मागे वर जाताना टाच उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर येतो. ज्या गुणामुळे मशीन विकलं जातं, त्याच गुणाने माझी बोटं झोपतात. आम्ही टेस्टरला तोंडावर फेकतो ते वाक्य माझ्यावरच उलटलं: हा बग नाही, फीचर आहे.

पण दाबला जातो तो नेमका काय? आपल्या मराठीत इथे एक गंमत आहे. आपण 'नस' म्हणतो तेव्हा ती रक्ताचीही असते आणि संवेदनेचीही. 'नस दबली' म्हणजे 'रक्त थांबलं' असं आपण धरूनच चालतो, आणि म्हणून ट्रेनर पाणी प्यायला सांगतो. पाय थंड, पांढरा पडत असेल तर ते रक्ताचं. नुसत्या मुंग्या आणि बधिरपणा, रंग जिथल्या तिथे, तर बहुतेक वेळा दबलेला असतो तो मज्जातंतू. (त्याला स्वतःलाही रक्त लागतं, आणि दाबाखाली तेही कमी पडतं, तेव्हा ट्रेनर अगदीच चुकला असं नाही. पण पाण्याने काय होणार?)

घोट्याच्या आतल्या बाजूने एक मोठा मज्जातंतू तळव्यात उतरतो. तिथे त्याच्या फांद्या होतात आणि त्या चवड्याच्या लांब हाडांच्या मधून बोटांपर्यंत जातात. बोटांच्या मुळाशी, हाडांना बांधून ठेवणाऱ्या एका पट्ट्याखालून त्यांना जावं लागतं. जागा अरुंद. टाच उचलून बोटं वर वळवलीत की तंतू त्या पट्ट्यावर ताणला जातो. अरुंद बुटाने हाडं बाजूंनी आवळलीत की तो चेपला जातो. आणि व्यायामाने पाय तापला, किंचित सुजला, की जो बूट घालताना बरोबर होता तोच दहा मिनिटांनी आवळ होतो. बारावं मिनिट आलं कुठून, ते इथे कळलं.

ही जागा पहिल्यांदा कुणी ओळखली? मला वाटलं होतं एखादा प्रोफेसर असेल. तर नाही, भोवऱ्या काढणारा माणूस! लुईस डर्लाकर हा लंडनमध्ये राजघराण्याच्या पायांची देखभाल करायचा. राणी व्हिक्टोरियाची कुरुपं काढणं हे त्याचं अधिकृत काम. १८४५ साली त्याने कुरुपं, नखं आणि पायांची निगा यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या हाडांमधल्या तंतूच्या दुखण्याचं वर्णन आहे. बरोब्बर माझीच दोन बोटं. हजारो पाय मांडीवर घेतलेल्या माणसाला जे दिसलं, ते मोठ्या सर्जन लोकांना दिसलं नव्हतं. तरी नाव कुणाचं लागलं? फिलाडेल्फियाचे सर्जन थॉमस मॉर्टन यांचं, ३१ वर्षांनंतर, १८७६ साली. मॉर्टन यांनी दोष चौथ्या बोटाच्या सांध्यात मानला आणि उपाय म्हणून तो सांधाच काढून टाकला. पुढे कळलं की जागा बहुतेकदा डर्लाकरने सांगितलेलीच असते. आजही या दुखण्याला 'मॉर्टन्स न्यूरोमा' म्हणतात. न्यूरोमा म्हणजे तंतूची गाठ. पण ती खरी गाठ नसते, सततच्या दाबाने तंतूभोवती साचलेला जाडपणा असतो. म्हणजे नाव चुकीच्या माणसाचं आणि वर्णनही चुकीचं. एकदा कोडमध्ये चुकीचं व्हेरिएबलचं नाव गेलं की ते दीडशे वर्षं निघत नाही म्हणतात ते हेच.

माझं दुखणं या न्यूरोमापर्यंत गेलेलं नाही, कारण उतरलो की ते जातं. पण वाट तीच आहे. इथे मला थांबता आलं असतं. बुटाची नाडी सैल केली, विषय संपला. पण आईचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. बाबांचे पाय आणि माझे पाय, दोन्ही बधिर. फरक काय? या प्रश्नामागे जाता जाता मला पॉल ब्रँड सापडले, आणि खरं तर हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

ब्रँड यांचा जन्म १९१४चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. लहानपण डोंगरात अनवाणी गेलं, शिक्षण लंडनला, सर्जरी शिकले ते दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्या वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात गेले, तिथे रॉबर्ट कॉक्रेन हे कुष्ठरोगाचे जाणकार होते. रुग्णांचे वळलेले हात बघून ब्रँड यांनी विचारलं, यावर अस्थिशल्यवाल्यांनी काय काम केलंय? कॉक्रेन यांचं उत्तर होतं, कुणीच काही नाही.

तो काळ लक्षात घ्या. आपल्याकडे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ साली सुरू झालं, आणि बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली ती १९४९ साली. तोपर्यंत महारोग म्हणजे गावाबाहेर. आणि सगळ्यांना 'माहीत' होतं की या रोगात बोटं झडतात. आपला शब्दच बघा, 'झडतात', पानासारखी, आपोआप. डॉक्टरसुद्धा मानत की रोगाने मांस कुजतं.

ब्रँड यांना ते पटेना. रुग्णांच्या हातात आपला हात देऊन त्यांनी दाबायला सांगितला तर कळवळण्याइतकी ताकद होती. ऊती तपासल्या तर कुजलेलं काही नाही. एकदा एका अडकलेल्या कुलपाची किल्ली त्यांना फिरवता येईना. एका किरकोळ मुलाने ती फिरवली, आणि त्याच्या बोटातून रक्त आलं. हाडापर्यंत कापलं होतं आणि मुलगा उभा होता. मग त्यांनी रुग्णांनाच कामाला लावलं: रोज प्रत्येक जखमेचा माग काढायचा. एकेक कारण सापडत गेलं. गरम भांडं हाताने उचललं. कंदिलाची काच धरली. बुटात खिळा होता. काहींची बोटं तर रात्री उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती! (त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरं दिली गेली.) रोगाचे जंतू मज्जातंतू मारतात, दुखणं बंद होतं. बाकी सगळं नुकसान, दुखत नाही म्हणून माणूस स्वतःच करून घेतो. बोटं झडत नव्हती. ती वापरली जात होती, कुणी 'थांब' म्हणणारं नसताना.

आणि पायाच्या बाबतीत मेलेला तंतू कुठला? घोट्याच्या आतून तळव्यात उतरणारा तोच, वर सांगितलेला.

आता ती रात्र. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रँड अमेरिकेचा दौरा आटोपून बोटीने इंग्लंडला आले, तिथून आगगाडीने लंडनला. अंगात ताप होता. रात्री खोलीत बूट-मोजे काढताना त्यांच्या लक्षात आलं की एका टाचेला काही कळत नाहीये. टाचणी घेऊन टोचली. काही नाही. आणखी खोल टोचली, रक्ताचा थेंब आला, तरी काही नाही. इतकी वर्षं हे लक्षण त्यांनी दुसऱ्यांच्या पायात शेकडो वेळा तपासलं होतं. अर्थ एकच. रात्रभर ते अंथरुणात पडून हिशेब करत राहिले: बायको, मुलं, संसर्ग, वेगळं राहावं लागेल, सर्जरी बंद. सकाळी उठून त्यांनी पुन्हा टाचणी घेतली, टाचेत खुपसली, आणि किंचाळले. दुखलं!

काय झालं होतं? तापाच्या ग्लानीत गाडीच्या कोपऱ्यात तासन्‌तास एकाच स्थितीत बसल्याने तंतू दबला होता. बस्स. माझं बारावं मिनिट, जरा लांबलेलं. ही गोष्ट त्यांनी नंतर अनेकदा सांगितली. मला त्यातलं सगळ्यात पटलं ते हे की जगातला या विषयातला सगळ्यात जाणकार माणूससुद्धा रात्री एकटा असताना सरळ शेवटच्या पायरीवर जाऊन पोचला. रात्री साडेबाराला महाजालावर 'पाय बधिर' शोधणाऱ्या आपल्यासारख्यांची काय कथा!

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या सरकारी कुष्ठरोग इस्पितळात गेले आणि तिथे त्यांनी दाबाचा अभ्यास मांडला. रंगाच्या बारीक कुप्या भरलेले मोजे त्यांनी वापरले. चालताना जिथे दाब जास्त तिथे कुप्या फुटून डाग पडे. उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने हजारो वेळा हलके दाब देऊन पाहिले. निष्कर्ष असा की पायाची वाट लावायला खिळाच लागतो असं नाही. थोडा दाब, पण न सुटणारा, रक्त अडवून मांस मारतो. आणि मध्यम दाब, पण त्याच जागी हजारो वेळा, ती जागा सुजवत सुजवत फोडतो. निरोगी माणूस लांब चालला तर त्याच्या नकळत त्याची चाल बदलत जाते. टाच हुळहुळली की भार चवड्यावर, चवडा थकला की कडेवर. बधिर पायाची चाल मात्र पहिल्या मैलाला असते तीच शेवटच्या मैलाला.

हे वाचताना मी थबकलो. क्रॉस ट्रेनर नेमकं हेच करतो ना? चांगल्या पायाला चाल बदलायची मुभाच ठेवत नाही. मार्ग ठरलेला, पेडल ठरलेलं. माझा पाय बाराव्या मिनिटाला तक्रार करतो तो शहाणा आहे म्हणून. बाबांनी तेच मशीन तासभर चालवलं असतं आणि त्यांना छान वाटलं असतं. ही कल्पना करून माझ्या अंगावर काटा आला, कारण मागच्याच दिवाळीत मी त्यांना "बाबा, तुम्ही क्रॉस ट्रेनर करत जा, गुडघ्याला बरं असतं" असं सांगून बसलो होतो.

कारव्हिलमध्ये आणखी एक गोष्ट झाली. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की मधुमेह्यांच्या न भरणाऱ्या जखमा या त्यांच्या कुष्ठरोग्यांच्या जखमांसारख्याच आहेत. तोवर त्या सगळ्या 'रक्तपुरवठ्या'च्या खात्यात टाकल्या जात (आपला ट्रेनर एकटा नाही!) आणि पाय कापले जात. प्रत्यक्षात पुष्कळांचं मूळ तेच होतं: दुखत नव्हतं, म्हणून चालत राहिले. मग वेल्लोरकडे कुष्ठरोग्यांसाठी शिकलेले धडे, म्हणजे भार वाटून घेणारी पादत्राणं, प्लास्टरमध्ये पायाला विश्रांती, रोज तळवे बघणं, हे सगळं मधुमेह्यांना लागू झालं. आपल्याकडे चपलांच्या दुकानात 'एमसीआर' चप्पल मिळते ना, मधुमेह्यांची म्हणून? एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक बुडबुडे असलेलं मऊ रबर. दक्षिण भारतात कुष्ठरोग्यांच्या बधिर तळव्यांसाठी ते कामी आणणाऱ्यांत ब्रँड आणि त्यांचे सहकारी होते. बाबांच्या पायात गेली काही वर्षं तीच आहे. मला वाटायचं तो दुकानदाराचा मार्केटिंगचा शब्द आहे.

(जाता जाता एक योगायोग. निवृत्तीनंतर ब्रँड सिएटलला राहिले आणि २००३ साली तिथेच गेले. टीएमटीवाले ब्रूस सिएटलचे. क्रॉस ट्रेनर आणणारी प्रिकॉर त्याच शहराच्या बाजूची. आपल्यातले निम्मे लोक त्या गावी ऑनसाइट जाऊन फक्त पाऊस बघून परत येतात.)

तर शेवटी गेलो डॉक्टरांकडे, बाबांना घेऊन. दोघांनाही मोजे काढायला लावले. डॉक्टरांनी पेनसारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक दोरा काढला. डोळे मिटायचे, आणि दोरा टेकला की 'हो' म्हणायचं. हा दोराही इतिहासातूनच आलाय. १८९०च्या दशकात जर्मनीत मॅक्स फॉन फ्राय घोड्याचे केस काडीला लावून स्पर्श मोजायचे. १९६० साली सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी मेंदूला जखमा झालेले सैनिक तपासायला केसांच्या जागी नायलॉन आणलं. आणि १९८६ साली कारव्हिलमधून आलेल्या अभ्यासाने दाखवलं की १० ग्रॅमला वाकणारा दोरा ज्याला कळत नाही, त्या पायाला जखमेचा धोका. या दोऱ्याचा नंबर ५.०७ आहे. हा नंबर कुठून आला म्हणून खोदलं तर तो लॉगॅरिदम निघाला, एक दशांश मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या जोराचा. बघा, अकरावीचं गणित वाया जात नाही.

मला दहाच्या दहा जागा कळल्या. बाबांना सहा कळल्या नाहीत. डोळे मिटून ते वाट बघत होते, डॉक्टर दोरा टेकवत होते, आणि खोलीत शांतता होती. दोऱ्याचं टोक त्यांच्या अंगठ्याखाली वाकलेलं मला दिसत होतं. मध्येच बाबांनी विचारलं, "सुरू केलंत का?"

माझी साखर नॉर्मल निघाली. बी-१२ मात्र कमी. यात नवल नाही, पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गीयांत ते प्रमाण ८१ टक्के होतं. म्हणजे आपणच. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घे, पण मुंग्यांचं खापर त्यावर फोडू नकोस. बी-१२ किंवा साखरेने येणारा बधिरपणा सहसा दोन्ही पायांत येतो, बोटांपासून मोजा चढवल्यासारखा वर सरकतो, आणि मशीनवरून उतरल्याने जात नाही. रात्री अंथरुणातही मुंग्या येत असतील, पाय उघडा असताना कळेनासा होत असेल, लागलेलं समजलं नसेल, तर बुटाच्या नाड्यांशी खेळत बसायचं नाही, सरळ तपासून घ्यायचं.

माझ्यासाठी मात्र नाड्याच. चवड्याकडची पहिली दोन भोकं सोडून दिली. बूट अर्ध्या नंबराने मोठा घेतला, आणि मुद्दाम संध्याकाळी घेतला, कारण दिवसभरात पाय जरा फुगलेले असतात. पेडलवर पाय थोडा मागे घेतो आणि टाच टेकवायचा प्रयत्न करतो. चढ कमी केला. दर पाच मिनिटांनी थांबून एकेक पाय उचलतो आणि बुटातल्या बुटात बोटं हलवतो, म्हणजे यंत्र जी सुट्टी देत नाही ती मीच देतो. शेजारच्या ट्रेडमिलवरचे काका माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. सध्या अठ्ठावीस मिनिटांपर्यंत पाय जागा असतो.

बाबांचा क्रॉस ट्रेनर बंद केलाय. ते खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करतात आणि सायकल मारतात, तीही थोडा थोडा वेळ, मध्ये उतरून. रात्री जेवणं झाली की आई त्यांच्या दोन्ही चपला उलट्या करून दिव्याखाली धरते, आणि मी तळवे बघतो. पहिल्या दिवशी ते फार संकोचले, पाय ओढून घेत होते. आता टीव्ही बघता बघता आपणहून पाय पुढे करतात.